पानं तपासायला दोघं लागतात

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका पोरीचा प्रबंध शिवला. रविवार होता, पाचवी प्रत होती. मी टोच्यानं भोकं पाडत होतो आणि ती दोरा ओढत होती. दोरा मेणावरून फिरवायचा, ओवायचा, खालून वर काढायचा, ताण द्यायचा, गाठ मारायची. चाळीस वर्षं हेच चाललं होतं. ताण देताना ती ओठ घट्ट मिटून घ्यायची, जसा काही दोरा ओठांनीच ओढायचाय. गाठ मारली, शेपटी कापली आणि म्हणाली, "उद्या येताना गवार आणा. कोवळी बघून आणा. मागच्या वेळी नुसत्या दोऱ्या आणल्या होत्या तुम्ही."

मी म्हणालो, "दिवसभर दोऱ्यातच तर असतेस."

"शिवते. खात नाही," ती म्हणाली.

एवढंच. याच्यापेक्षा मोठं काही बोललो असतो तर बरं झालं असतं, पण बोललो नाही. पाची प्रतींना पुठ्ठे चढवले, पेचाच्या शिकंजात दाबून ठेवल्या आणि इंदिरानगरला घरी आलो. ती पाय धुऊन खाटेवर बसली. मी ताटं काढत होतो. मागं वळून बघितलं तर ती भिंतीला टेकली होती आणि गेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. रडायचं ते मी रडलो, ते इथं लिहीत नाही. मला लिहायचंय ते तिच्या एका कामाबद्दल. त्या कामाची कुठं पाटी नव्हती आणि तिनं त्याचा कधी मोबदला घेतला नाही.

आमचं दुकान कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, जिना उतरून खाली. बाइंडिंगचं. मी चौथी शिकलोय, ती सातवी. इंग्रजी मला येत नाही. येते ती उलटी. म्हणजे प्रबंधाच्या पाठीवर सोनेरी अक्षरं उठवायला जे पितळी खिळे असतात त्यांच्यावर अक्षर उलटं असतं, ते मी ओळखतो. सुलटं दाखवलं की गोंधळतो. तिला दोन्ही यायचं. खिळे तीच जुळवायची.

नाशकातले पीएचडीवाले आमच्याकडे येतात. आता सगळं कॉम्प्युटरवर झालं म्हणतात, तरी ऑफिसला काळ्या रेक्झीनच्या पाच प्रती लागतातच. पोरं येतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालेलं असतं. चार-पाच वर्षं एकाच माणसाच्या हाताखाली काढलेली असतात. त्याला गाईड म्हणतात. गाईडची सही असल्याशिवाय प्रबंध जमा होत नाही. माझ्या बायकोचं म्हणणं असं होतं, "एक शिकवतो, एक शिकतो. चार वर्षांनी कोण कुणाला शिकवतंय ते दोघांनाही कळेनासं होतं, आणि मग भांडण लागतं." मी तिला म्हणायचो, सगळे साहेबलोक सारखेच, पोरांना राबवून घेतात. ती म्हणायची, "तुम्ही पंच नाही. तुम्ही पार्टी आहात. तुम्ही बोलू नका."

प्रबंध हातात आला की ती आधी एकच पान काढायची, ऋणनिर्देशाचं. कुणाकुणाचे आभार मानलेत ते. मराठी असलं तर स्वतः वाचायची, इंग्रजी असलं तर पोरालाच वाचायला लावायची, "मराठीत सांग रे, मला ऐकायला बरं वाटतं" म्हणून. गाईडवर पानभर लिहिलेलं असलं तर म्हणायची, घाबरतोय. चार ओळी असल्या तर म्हणायची, ठीक चाललंय. एकच ओळ असली, तीसुद्धा शेवटून दुसरी, की चष्मा काढून पोराकडं नीट बघायची आणि विचारायची, "जेवलास का?"

सुरुवातीला तिला हे जमत नव्हतं, तेही लिहितो. तिची नुसती स्तुती केली तर तिलाच आवडायचं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी लासलगावकडचा एक जण यायचा. बाप बाजार समितीत हमाल. याचा प्रबंध कांद्याच्या साठवणीवर. त्यानं तिच्यापाशी मन मोकळं केलं, की सरांनी घरच्या लग्नात मला पाणी वाटायला उभं केलं, आणि माझं प्रकरण तीन महिने न वाचता ठेवलंय. पुढच्याच आठवड्यात ते सर त्यांचं कसलं तरी रजिस्टर बांधायला आले. हिला राहवलं नाही. म्हणाली, "सर, पोरगं दुखावलंय. लग्नातल्या पाण्याचं मनात धरून बसलंय." सरांचा चेहरा लाल झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं, बाइंडरच्या बायकोपर्यंत माझी बदनामी करतोस म्हणून. तो पोरगा पुन्हा कॉलेजात गेला नाही. आता एका व्यापाऱ्याकडं ट्रकांची कामं बघतो. एकदा भेटला, मावशी कशा आहेत म्हणाला. घरी येऊन मी तिला सांगितलं. ती दोन दिवस नीट जेवली नाही.

त्यानंतर तिनं ठरवून टाकलं, की याचं त्याला आणि त्याचं याला सांगायचं नाही. "निरोप पोचता पोचता आंबतो," म्हणायची. "बोलायचं ते समोरासमोर बोलावं, नाही तर बोलूच नये."

पण समोरासमोर आणायचं कसं? ते माझ्यामुळं सापडलं, म्हणजे माझ्या चुकीमुळं. कटिंग मशीनवर माझं बोट चिरलं आणि हात बांधून मी बसलो होतो. बांधायच्या आधी प्रत्येक प्रतीची पानं तपासावी लागतात. एकानं आकडा म्हणायचा, दुसऱ्यानं पान उलटून 'आहे' म्हणायचं. झेरॉक्सवाले कधी एक पान दोनदा टाकतात, कधी उलटं टाकतात, आणि शिवल्यावर ते कळून उपयोग नसतो. त्या दिवशी दुकानात एक विद्यार्थी आणि त्याचे सर, एकमेकांकडं पाठ करून उभे होते. हिनं सरांना सांगितलं, "ह्यांचा हात गेलाय. तुम्ही आकडा म्हणा, तो पान उलटेल." सरांना नाही म्हणता येईना. पाच प्रती, प्रत्येक दोनशे पानांची. पहिल्या प्रतीला दोघं तोंड वाकडं करून बसले होते. दुसऱ्या प्रतीत एक नकाशा डोक्यावर उभा निघाला, दोघं हसले. तिसऱ्या प्रतीला सर म्हणाले, "अरे, हे तू चांगलं लिहिलंयस, मी त्या वेळी घाईत वाचलं होतं." चौथ्या प्रतीला चहा मागवला.

माझं बोट बरं झालं तरी पुढं भांडणातलं कुणी आलं की माझा हात दुखायला लागायचा. मी कुरकुर करायचो, "अगं, मला धड येतं की हे काम." ती म्हणायची, "तुम्हाला चांगलं येतं. म्हणूनच तुम्ही नको." तिचं म्हणणं, तोंडावर तोंड करून बसवलं की माणसं भांडतात. मध्ये काम ठेवलं की कामाकडं बघत बोलतात. मी चौथी पास माणूस, पण ही गोष्ट कुठल्या कॉलेजात शिकवत असतील असं मला वाटत नाही.

सगळीच जमली असं नाही. एक सर पानं तपासता तपासता उठून गेले ते गेलेच. एका पोरीनं शंभराव्या पानावर सांगितलं, मला ह्या माणसासमोर बसायचंच नाही, आणि तिचा चेहरा बघून हिनं ताबडतोब तिला उठवलं, आपल्या शेजारी बसवलं आणि नंतर कॉलेजातल्या तक्रार घेणाऱ्या बाईंकडं स्वतः घेऊन गेली. "हे भांडण नाही, हे दुसरं आहे," एवढंच मला म्हणाली. कुठं जुळवायचं आणि कुठं जुळवायचं नाही, हे तिला कळायचं. मला अजून कळत नाही.

आता त्या शेवटच्या पोरीचं.

ती आली शुक्रवारी दुपारी. पेठच्याही पलीकडच्या पाड्यावरची. डोंगराळ भाग, नागली-वरईची शेती. तिचा प्रबंध तिथल्या म्हाताऱ्या बाया बियाणं कसं जपून ठेवतात यावर. राखेत कुठलं, कणगीत कुठलं, भोपळ्यात कुठलं. पानांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "काका, सोमवारी जमा करायचंय. सोमवार शेवटचा. दोन वेळा मुदत वाढवून झाली, आता वाढत नाय. सोमवार गेला तर नाव कटलं. पाच वर्षं मातीत."

मी म्हणालो, होऊन जाईल.

मग तिनं गाईडच्या सहीचं पान दाखवलं. कोरं होतं. "हे असंच बांधा. सही मागून बघते."

"मागून म्हणजे कधी?" बायकोनं विचारलं.

"बघते ना मावशी."

बायकोनं ऋणनिर्देशाचं पान काढलं. पाड्यावरच्या अकरा म्हाताऱ्यांची नावं, एसटीचा कंडक्टर, होस्टेलच्या बाई, पिठाच्या गिरणीवाला. गाईडचं नाव नव्हतं. एकच ओळ नाही की अर्धी नाही. असं तिनं पहिल्यांदा पाहिलं. चष्मा काढला.

"जेवलीस का?"

पोरगी तिथंच रडायला लागली. थोडंफार कळलं ते असं. तिच्या गाईड मॅडमनी पोरीच्या कामावरचा पेपर संशोधनाच्या मासिकात छापला आणि वर आपलं नाव टाकलं. हिचं नाव दुसरं. हिला ते दुसऱ्या कॉलेजातल्या कुणी तरी दाखवलं. हिनं रागानं मॅडमविरुद्ध ऑफिसात अर्ज दिला. मॅडम म्हणाल्या, आता चौकशी होऊ दे, मगच सही. तेव्हापासून दोघी बोलत नाहीत.

मी म्हणालो, "चोरच आहे ती बाई. मी जाऊन बोलतो तिच्याशी."

"तुम्ही पुठ्ठ्यांची खळ ढवळा," बायको म्हणाली. मग पोरीला म्हणाली, "बांधून मी देणार. पण पानं तपासायला दोघं लागतात. उद्या तुझ्या मॅडमना बोलावते."

"मला नाय बसायचं तिच्यासमोर."

"भीती वाटते का? तशी भीती असली तर नाही बोलावत. मनात काय आहे ते सांग."

पोरीनं जरा वेळ विचार केला. "तशी नाय मावशी. राग आहे."

"राग असला तर बस. रागानं पानं चांगली तपासली जातात."

मॅडमचा नंबर आमच्याकडं होता, त्यांचे विद्यार्थी वर्षानुवर्षं इथंच येतात. बायकोनं फोन लावला. मी शेजारी उभा होतो. "मॅडम, तुमच्या पोरीच्या प्रती आल्यात. पानं तपासायला जाणतं माणूस पाहिजे." तिकडून काही तरी विचारलं. ही म्हणाली, "नाही. तिनं नाही बोलावलं. मी बोलावतेय." मग फोन ठेवला. म्हणाली, "येतात की नाही माहीत नाही. पण खोटं सांगून आणलेलं माणूस पहिल्या पानावरच उठतं."

शनिवारी अकराला मॅडम आल्या. पन्नाशीच्या, ताठ, पर्स काखेत धरलेली. पोरगी आधीच येऊन बसली होती. दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही. बायकोनं टेबलाच्या दोन बाजूंना दोन स्टुलं ठेवली. "मॅडम, तुम्ही आकडा म्हणा. ही उलटेल." मी शिकंजाजवळ उभा राहिलो. मला बाहेर जा म्हणाली नव्हती, फक्त बोलू नका म्हणाली होती.

सुरुवातीची पानं आली. चार नंतर ऋणनिर्देश. मॅडमनी ते पान हातात घेतलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. पोरगी टेबलाच्या कडेचं रेक्झीन नखानं उकरत होती. मॅडमनी पान उलटं करून ठेवलं आणि म्हणाल्या, "पाच."

"आहे."

मला त्या बाईबद्दल तिथं पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

पन्नास झाली, ऐंशी झाली. मॅडम आकडे म्हणत होत्या ते हजेरी घेतल्यासारखे. शंभरच्या पुढं एका पाड्याचं नाव आलं तिथं त्या थांबल्या. "ह्या पाड्यावर तू पायी गेली होतीस ना? पूल वाहून गेला होता तेव्हा?"

"हो."

"एकशे आठ."

"आहे."

असं करत आलं एकशे सोळा.

"आहे."

"एकशे सतरा."

पोरीचा हात पानावरच राहिला.

"एकशे सतरा," मॅडम पुन्हा म्हणाल्या.

"नाय."

"नाही म्हणजे? झेरॉक्समध्ये पडलं का?"

"पडलं नाय. काढलं मी."

"अगं, तो तर तक्ता आहे. कुठल्या पाड्यावर कुठलं बियाणं, कशात ठेवतात. तुझ्या सगळ्या कामाचा कणा आहे तो."

"तुमच्या पेपरात छापलाय ना तो? तुमच्या नावावर. आता माझ्यात ठेवला तर ते नक्कल पकडणारं मशीन म्हणेल, हिनं मॅडमचं चोरलं. माझ्याच आजीचं बियाणं आणि चोर मी."

मी बोलणारच होतो. बायकोनं माझ्याकडं न बघता माझ्या पायावर पाय ठेवला.

मॅडम म्हणाल्या, "तक्ता तुझा आहे. मी फक्त रेघा आखल्या."

"मग नाव वर तुमचं का?"

"तुझे वडील आजारी होते. तू आठ महिने इथं नव्हतीस. फोन लागत नव्हता. पेपर छापून आल्याशिवाय तुला सबमिशनच करता आलं नसतं. मी लिहून पाठवला. तुझं नाव आहे त्यात."

"दुसरं."

"हो. दुसरं."

"तुम्ही मला विचारलं असतं तर मी हो म्हणले असते मॅडम. रडत का होईना, हो म्हणले असते. तुम्ही विचारलंच नाय. परक्या माणसानं मोबाइलवर दाखवलं मला. म्हणे, बघ, तुझं गाव पेपरात आलं."

मॅडमनी पर्स काखेतून काढून खाली ठेवली. आल्यापासून पहिल्यांदा.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "गावी माणूस पाठवायला पाहिजे होता. निदान चिठ्ठी. मला वाटलं, मी तुझं भलंच करतेय, त्यात विचारायचं काय. पण तू तरी? पाच वर्षं माझ्या स्वयंपाकघरात जेवलीस तू. सरळ अर्ज? दारात येऊन भांडली असतीस तर मी ऐकून घेतलं असतं."

"भीती वाटली."

"माझी?"

"तुमची नाय. तुमच्या सहीची."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी चाळीस वर्षं माणसं बघतोय, पण पोरीनं एका वाक्यात सगळं सांगितलं आणि त्या बाईनं ते खाली मान घालून घेतलं, असं क्वचित बघितलं. मी आदल्या दिवशी तिला चोर म्हणालो होतो. ते मी मागे घेतो, इथंच.

बायको आता पहिल्यांदा बोलली. "पान कोण आणतंय? झेरॉक्सवाला शनिवारी दीडलाच शटर ओढतो."

दोघी उठल्या. पोरीनं पेन ड्राइव्ह घेतला. पाऊण तासानं परत आल्या तेव्हा एकशे सतराच्या पाच प्रती मॅडमच्या हातात होत्या. तक्त्याच्या खाली मॅडमनी एक ओळ नवीन टाकून घेतली होती. ही माहिती ह्या मुलीनं स्वतः पाड्यांवर जाऊन गोळा केली आहे, आणि आधीचा पेपर तिच्याच ह्या कामावर उभा आहे, अशी. पेपर छापणाऱ्यांनाही लिहिते म्हणाल्या, नावांचा क्रम बदला म्हणून. ते बदलतील की नाही माहीत नाही, असंही खरं ते सांगितलं.

पोरीनं विचारलं, "मॅडम, अर्जाचं काय करू?"

मॅडमनी माझ्या बायकोकडं बघितलं. मला वाटलं, आता ही सांगणार, मागे घे म्हणून. सगळ्यांनीच तसं सांगितलं असतं. मीही सांगितलं असतं.

बायको म्हणाली, "अर्जात लिहिलंय ते खोटं आहे का?"

"नाय."

"मग कशाला मागे घ्यायचा? खरं लिहिलेलं कुणाला बरं वाटावं म्हणून मागे घेऊ नये. त्याला आज झालेलं बोलणं जोड. तेही खरंच आहे."

मॅडम म्हणाल्या, "राहू दे अर्ज. मी उत्तर देईन. मी विचारलं नव्हतं, तेच लिहीन."

मग त्यांनी पाच पानांवर पाच सह्या केल्या. ह्या सह्या करताना त्यांचा हात घाईत नव्हता. पोरगी ऋणनिर्देशाचं पान उचलून म्हणाली, हेही बदलून आणते. मॅडम नको म्हणाल्या. बायकोनंही मान हलवली. "आज लिहू नकोस. आज लिहिशील ते सहीच्या बदल्यात लिहिल्यासारखं होईल. पुढं याचं पुस्तक करशील, तेव्हा वाटलं तर लिही."

दोघींनी पहिली प्रत पुरी केली, मग उरलेल्या चार तपासल्या. शेवटच्या प्रतीला आकडा पोरगी म्हणत होती आणि पानं मॅडम उलटत होत्या. अदलाबदल कधी झाली ते माझ्या लक्षात आलं नाही.

त्या गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "तू वकील व्हायला पाहिजे होतीस." ती म्हणाली, "वकील एका बाजूचा असतो. खिळे काढा, वर काय लिहायचंय ते चिठ्ठीवर दिलंय तिनं." पण तोवर उशीर झाला होता, म्हणून अक्षरं सोमवारी सकाळी उठवायची ठरली. रविवारी आम्ही प्रती शिवल्या. पुढचं वर लिहिलंच आहे.

सोमवारी सकाळी लेक इगतपुरीहून पहिल्या गाडीनं आली. तिला आईजवळ बसवलं. विहारातली माणसं येऊन गेली होती, बाराला न्यायचं ठरलं होतं. घर भरलं होतं. मी खुंटीवरची दुकानाची किल्ली घेतली. मेहुणीनं बघितलं.

"दाजी, कुठं निघालात?"

"दुकानात."

"डोकं फिरलंय का तुमचं? बाई घरात पडलीय आणि तुम्ही शटर उघडणार? लोक काय म्हणतील?"

मला लोकांचं काही पडलं नव्हतं. पण लेकीकडं बघितलं. तिचे डोळे सुजले होते. तिनं विचारलं, "किती प्रती राहिल्यात?"

"पाच. नुसती अक्षरं. आज जमा नाही झाल्या तर पोरीचं नाव कटेल."

"जा पप्पा. मी आहे इथं. अकरापर्यंत या."

दुकानात जाऊन अक्षरं उठवायचं मशीन तापत ठेवलं. शिकंजा सोडून प्रती काढल्या. चांगल्या दाबल्या गेल्या होत्या. मग चिठ्ठी समोर ठेवून खिळे शोधायला बसलो. चिठ्ठीवर अक्षरं सुलटी, खिळ्यावर उलटी. ती असती तर पाच मिनिटांचं काम. मला पाऊण तास लागला. आधी जुन्या कागदावर दाबून बघितलं. दोन अक्षरं चुकली होती, ती बदलली. मग सोनेरी फॉइल ठेवून एकेक पाठ दाबली. पाचव्या प्रतीचं केसभर तिरकं आलं. पुसता येत नाही. तसंच ठेवलं.

साडेदहाला स्कूटर थांबली. मॅडम चालवत होत्या, पोरगी मागं. दोघी जिना उतरून आल्या. पोरीनं एक प्रत उघडली, एकशे सतरा काढून बघितलं आणि मॅडमना दाखवलं. मॅडमनी "आहे" म्हटलं आणि दोघी हसल्या.

"मावशी कुठंय काका?"

"घरी."

"आज आल्या नाय? बरं नाय का?"

मी प्रती पिशवीत भरत होतो. वर बघितलं नाही. सांगितलं असतं तर पोरगी तिथंच बसली असती. मॅडमही बसल्या असत्या. ऑफिसातला माणूस जेवायला उठला की कधी परत येतो ते कुणाला माहीत नसतं. मी म्हणालो, "आधी जमा करा. पोचपावती हातात घ्या. मग घरी या, इंदिरानगरला. लगेच या."

"मावशीला सांगा, पेढे घेऊन येते."

"पेढे नको. तुम्ही या."

मॅडमनी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. त्यांना काही तरी कळलं असावं. पण त्यांनी विचारलं नाही. पोरीच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली, म्हणाल्या, "चल, चल, उशीर होतोय," आणि तिला पुढं घालून जिना चढल्या. स्कूटर गेल्याचा आवाज आला.

मी मशीन बंद केलं. गरम खिळे गार होईपर्यंत थांबलो. मग एकेक करून त्यांच्या त्यांच्या खान्यात टाकले, शटर ओढलं आणि घरी गेलो.